आवेल

शालननं पाय लांब केले की कसलंही किरकिरं पोर गप व्हायचं. गेल्या तीस वर्षांत बौद्धवाडीत जन्मलेलं प्रत्येक बाळ त्या पायांवर न्हालं होतं. एक सोडून. आणि ते एक तिच्याच घरात होतं.

त्या दिवशी सकाळी शेजारची मथुरा आपला दोन महिन्यांचा नातू घेऊन आली होती. मागीलदारी चुलीवर पाणी कढत होतं, बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवरून ओतत होता आणि शालन त्या पोराच्या पाठीला आवेल चोळत होती. नारळाचा रस काढून मंद जाळावर आटवत ठेवला की वर येतं ते हे तेल. शालनच्या हातच्या आवेलाला वाडीत मोठा मान.

"बग कसा पाय झाडताय! आवाज तर हायवेपत्तोर जाईल ह्याचा," शालन कौतुकानं म्हणाली.

मथुरा हसली आणि आत डोकावून एकदम ओशाळली. आत शालनची सून तेजल एका हातानं मान सावरून, दुसऱ्या हातानं पाणी घालून, आपल्या मनस्वीला टबात न्हाऊ घालत होती.

"तुमची कवा रडत नाय गो," मथुरा म्हणाली. "गुनाची हाय हो."

तेजलला हे गुणाचं प्रशस्तिपत्र ऐकून ऐकून कंटाळा आला होता. मनस्वी आठ महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असल्याचं सांगितलं होतं. सगळं शिकेल, पण उशिरा. अंगात जोर कमी, हृदयाला बारीक भोक. रडायला ताकद लागते, खोकायलाही लागते, आणि तीच पोरीकडे नव्हती.

शालननं जन्माच्या दिवशी हॉस्पिटलात दुपट्यातल्या नातीकडे एकदा पाहिलं आणि ती खाली चहा आणायला निघून गेली होती. पुढं तिनं सगळं केलं. दुपटी धुतली, रात्री झोका दिला, तेजलला बाळंतपणाचे लाडू करून घातले. पाय मात्र लांब केले नाहीत. तेजल कधी बोलली नाही, पण दुसऱ्याचं पोर त्या पायांवर खिदळताना पाहिलं की ती पाठ फिरवायची.

त्याच आठवड्यात मनस्वीला सर्दी झाली. पावसाळ्यात पोराला सर्दी व्हायचीच, पण हिचं नाक चोंदलं की दूध ओढता येईना. गावच्या आरोग्याचं बघणारी आशाताई राजश्री घरी येऊन बघून गेली.

"नाकात-कानात काय एक घालू नको," तिनं तेजलला बजावलं. "मोबाईलवर एक मिनिट लाव आन पोट किती वेळा वर येतं ते मोज. पन्नासच्या वर गेला की कुणाला इचारत बसू नको. रत्नागिरी गाठ."

तेजलनं मोजलं. बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन मागीलदारी बसली होती. मनस्वीचा घरघर आवाज तिथवर येत होता. बराच वेळ ती चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत राहिली. मग तिनं लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय लांब केले आणि म्हणाली, "आन तिला हिकडं."

तेजलला आधी खरंच वाटेना. तिनं पोरीला सासूच्या पायांवर ठेवलं.

शालनचे हात चालू लागले. छाती, पाठ, टाळू. मनस्वी तिच्याकडे एकटक बघत राहिली.

"डोळे बग कसे लावलेत माज्याकडं," शालन म्हणाली. "आजीला वळखतेस होय गो बाय?"

मग तिनं वाटीतल्या आवेलात बोट बुडवलं आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले. वर फुंकर घातली. "सगला मोकला होईल आता."

तेजलच्या ओठांवर शब्द आले होते. "आये, नको." एवढे दोनच. पण आठ महिन्यांनी ते पाय लांब झाले होते. आता आपण बोललो आणि ते आखडले, तर पुन्हा कधी लांब होतील? तिनं ते दोन शब्द गिळले. त्याला भित्रेपणा म्हणा, लोभ म्हणा. आपल्या पोरीला कुणी आपलं म्हणावं, याचा लोभ फार वाईट असतो.

मनस्वीला बारीकसा ठसका लागला. धड खोकलाही आला नाही.

पुढच्या दिवशी त्यांच्या शेतात लावणी होती. तेजल दोन दिवस मथुराच्या शेतात राबली होती. आज मथुरा आणि वाडीतल्या तिघी हिच्या शेतात आल्या होत्या. तरवा काढून झाला होता. उपटलेली भाताची रोपं थांबत नाहीत, ती त्याच दिवशी चिखलात गेली पाहिजेत. शालनचे गुडघे चिखलाला दाद देत नव्हते, म्हणून ती पोरीपाशी घरी राहिली. दुपारी दूध पाजायला तेजल वर घरी आली.

"सकालपास्नं गुमान पडलीय," शालन म्हणाली. "येकदाबी रडली नाय. बरी हाय आता."

"ती कवा रडली, आये?"

तेजलनं झबलं वर केलं. दर श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडत होता. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. तिनं मोबाईल लावला. अर्ध्या मिनिटात अडतीस झाले, पुढं ती मोजत बसली नाही.

वाडीतली एकुलती रिक्षा दारात आली तोवर मथुरा बांधावरून ओरडली, "तू जा गो! आमी हाव, तरवा वाया जावाचा नाय!" गुडघाभर चिखलानिशी तेजल रिक्षात बसली, पोर छातीशी उभी धरून. शेजारी शालन. हातखंबा तिठ्यावर ट्रकांच्या मागं रिक्षा दहा मिनिटं अडकली, तेव्हा शालन सारखी म्हणत होती, "मनू, रड गो. जरा रड." मनस्वी रडली नाही.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या.

"सर्दी छातीत गेलीच आहे. पण खाली हा डाग आहे ना, तो मला वेगळा दिसतो. नाकात तेल-बिल घातलं होतं का?"

शालन खाटेच्या पायथ्याशी पिशवी धरून उभी होती.

"घातलं होतं," तेजल म्हणाली.

"कोणी?"

"मी."

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर झाडली. या पोरीला तेल खोकून बाहेर टाकता येत नाही, ते सरळ फुप्फुसात उतरतं, एवढं सांगूनही तुम्हा आयांना कळत नाही का? तेजल खाली मान घालून ऐकत राहिली. शालननं पदर तोंडाला लावला, आणि तेवढंच केलं.

तेजलचा यात काही थोरपणा नव्हता. सासूची लाज काढली तर ती पोरीला पुन्हा हात लावणार नाही, ही धास्ती होती. शिवाय पाहत उभी राहिलेली तीच होती ना?

संध्याकाळी मुंबईहून प्रथमेशचा फोन आला. एवढा समजूतदार नवरा, पण घाबरला की माणूस कुणावर तरी ओरडतोच.

"राजश्रीताईनं सांगितलेलं ना तुला? मग कशाला घातलंस? तुझीच पोर ना ती?"

शालन तिच्या शेजारी बाकड्यावर बसली होती. लेकाचा शब्दन् शब्द तिला ऐकू जात होता. तिनं वडापावच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

बारा दिवस मनस्वी तिथं होती. नाकातल्या नळीनं दूध. घरी सोडताना डॉक्टरीणबाई नरमाईनं बोलल्या, पण बोलल्या ते काही नरम नव्हतं. ह्या वेळी वाचली. डाग पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. पुढची सर्दी जड जाईल. हृदयाच्या ऑपरेशनसाठी वजन वाढायला हवं होतं, ते सहाशे ग्रॅम उतरलंय. दूध पाजलं की अर्धा तास उभी धरा, आडवी करू नका.

वाडीत बातमी आधीच पोचली होती. बारावी झालेली सून, आणि आपल्या हातानं पोरीच्या नाकात तेल ओतलान! तेजल नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. शालननं गुडघे दुखतात म्हणून वाडीतली पोरं न्हाऊ घालणं बंद केलं होतं.

आठवड्यानं मथुरा नातवाला घेऊन आली. शालन पडवीत बसली होती, दूध प्यालेल्या मनस्वीला खांद्यावर उभी धरून. तेजल आत भाकरी थापत होती.

"शालू, ह्याचा नाक चोंदलाय बग. दोन थेंब सोड गो."

"नाय."

"अगो, तूच दिलेला आवेल हाय."

"म्हनूनच नाय."

"सुनंनं चूक केलान म्हनून तू कशाला भितेस? तिला काय कलताय? तुजा हात गुनाचा."

शालननं मनस्वीची मान जरा वर सरकवून घेतली.

"मनूच्या नाकात मी घातलेला, मथुरा. ह्याच हातानं. तेजलनं आपला नाव सांगितलान, नि मी आयकून घेतला. पोरगा तिला फोनवर बोलला, तवाबी मी गप ऱ्हायले. जा, वाडीत सांग. आन ह्याला राजश्रीकडं ने."

मथुरा पोराला पदराखाली घेऊन पावसात उतरली.

तेजल पिठाच्या हातांनी दारात आली होती. दोघी एकमेकींकडे बघेनात. शालनचा दंड भरून आला होता, दिसत होतं.

"अर्दा तास झाला काय गो?"

"अजून धा मिनटा हायत. मी घेव काय?"

"नको." शालननं कान पोरीच्या पाठीला लावला. आतून बारीक शिट्टी वाजत होती. "तो फोन आन तुजा. ते मोजतेस कसा, दाव मना. पर मना पन्नासाच्या फुडला येत नाय. पयलीतच शाला सुटली माजी."

"तेवडाच लागताय, आये."

तेजलनं मोबाईल तिच्यापुढं धरला. शालननं तळहात पोरीच्या पोटावर ठेवला आणि मोठ्यानं मोजायला लागली. मिनिट भरलं तेव्हा ती सत्तेचाळीसवर आली होती.