गयाबाईंची अकरा मिनिटं

पौर्णिमेला यशोधराबाई दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नसत. सकाळी विहारात जाऊन अष्टशील घ्यायचं, दिवसभर पांढऱ्या साडीत राहायचं आणि जेवढं कमी बोलता येईल तेवढं कमी बोलायचं. तशाही त्या मोठ्याने कधी बोलत नसत. भाजीवाल्यालासुद्धा दोनदा विचारावं लागे, "मावशी, काय म्हणालात?" या दिवसाला गेली नऊ वर्षं त्यांनी आणखी एक नेम जोडला होता. कपाटातल्या साड्यांखालून हार्ड डिस्क काढायची, कॉम्प्युटरला जोडायची, महिन्याभरातलं नवीन काही असेल ते तिच्यात उतरवायचं आणि डिस्क परत साड्यांखाली. महिन्यातून एक तास. बाकीचे दिवस ती कशालाही जोडलेली नाही.

त्या पौर्णिमेला डिस्कवर सत्त्याऐंशी फायली निघाल्या आणि कॉम्प्युटरवर शहाऐंशी.

काही उतरवण्याआधी दोन्हीकडचे आकडे बघायची त्यांना सवय होती. आनंदनगरच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. नोकरी सुटली तरी ती सवय कुठे सुटते? त्यांनी चष्मा पुसला आणि नावं एकेक करून ताडून पाहिली. 'गयाबाई – विहीर' नव्हती. कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातही नव्हती.

गयाबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. जाऊन चार वर्षं झाली. फोटो होते दोन, तेही लग्नातले, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत आलेला. त्या कशा बोलायच्या, कुठे थांबून हसायच्या, ते फक्त त्या फाईलमध्ये होतं. अकरा मिनिटं.

पालेगावाच्या पुढच्या त्यांच्या वाडीत आता चारी बाजूंनी टॉवर उठलेत. जुन्या बाया एकेक करून चालल्या, तशी यशोधराबाईंनी मोबाईलवर त्यांची बोलणी टिपून घ्यायला सुरुवात केली होती. कोणी धर्मांतराच्या दिवसाचं सांगितलं, कोणी वीटभट्टीवरचं, कोणी नुसतंच नवऱ्याच्या नावाने बोटं मोडली. सगळं ठेवायचं, असा त्यांचा नियम. मग विहाराला नवीन सभागृह बांधायचं ठरलं आणि उद्घाटनाला ही बोलणी मोठ्या टीव्हीवर ऐकवायची असं कमिटीने ठरवलं.

"काकी, हे सगळं क्लाउडवर टाकू या," पुतण्या बुद्धभूषण तेव्हा म्हणाला होता. तो ऐरोलीला कंपनीत होता, कमिटीचा सचिवही. "डिस्क पडली, फुटली, की खेळ खल्लास."

बदलापूरला दिलेल्या मुलीने, पायलने, फोनवरून त्याचीच री ओढली होती. "आई, आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा काय झालं, विसरलीस? माझ्या लग्नाचे फोटो होते ना त्या कॉम्प्युटरमध्ये? चिखल झाला त्यांचा. भूषणदादाचं ऐक."

त्यांनी ऐकलं. खातं भूषणच्या नावावर काढलं, आणि फोल्डर त्यांच्या कॉम्प्युटरवर आणि कमिटीच्या पाच जणांच्या मोबाईलवर दिसू लागलं. डिस्कचं मात्र त्यांनी सोडलं नाही. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नेम म्हणजे नेम.

आता त्यांनी क्लाउडवरची नोंद उघडली. कोणी काय काढलं, काय घातलं, ते तिथे लिहिलेलं असतं. बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी. बुद्धभूषण.

त्यांनी फोन केला. "भूषण, घरी येतोस का जरा?"

तो संध्याकाळी आला, आल्या आल्या म्हणाला, "चहा नको काकी, तुमचा उपास आहे."

"माझा आहे. तुझा नाही," असं म्हणून त्यांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारलं, "आजीची फाईल काढलीस?"

भूषणने पंखा वाढवला. मग म्हणाला, "काढली. काकी, ती फाईल नाही, सुरुंग आहे. त्यात आजी धर्मराजशेठच्या आज्याचं नाव घेते. पहिल्याच मिनिटाला! सभागृहाचा स्लॅब कोण देतंय? धर्मराजशेठ. उद्घाटनाला पहिल्या खुर्चीवर कोण बसणार? तो. आणि समोर टीव्हीवर आजी सांगणार की ह्याच्या आज्याने विहिरीला काटे लावले."

"त्यांनी काढायला सांगितलं?"

"नाही हो. त्यांना माहीतच नाही. माहीत व्हायच्या आधी काढलेलं बरं, म्हणून."

"म्हणजे कोणी सांगितलंही नव्हतं," यशोधराबाई म्हणाल्या. त्यांनी कप त्याच्यापुढे ठेवला. आवाज होता त्याहून खाली गेला. "आणि माझ्या कॉम्प्युटरवरून कशी गेली?"

"क्लाउडवरून काढली की सगळीकडूनच जाते. तसंच असतं ते. कचऱ्यातूनही साफ केली मी." त्याने घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणखी कुठे नाही ना कॉपी?"

'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. डिस्क साड्यांखाली राहिली असती, कोणाला पत्ता लागला नसता. पण रोज सकाळी जी पाच शीलं तोंडाने घ्यायची, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं, आणि आज तर आठ घेतलेली.

"आहे," त्या म्हणाल्या. "डिस्कवर आहे."

भूषणचा कप बशीत वाजला. "मग ती द्या."

"नाही देणार."

"काकी, विश्वास नाही माझ्यावर?"

"बारा दिवसांपूर्वीपर्यंत होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिस्क पिशवीत घातली आणि उल्हासनगर गाठलं. मुकेशच्या दुकानातून त्यांनी पहिला कॉम्प्युटर घेतला होता. सिंधी माणूस, तोंडात सदा बडीशेप, काउंटरवर सदा कोणाचा तरी उघडा लॅपटॉप.

"मुकेशभाई, क्लाउड चांगला की डिस्क?"

"माताजी, दोनों अच्छे, दोनों धोकेबाज," तो हसत म्हणाला. त्यांनी झालेला प्रकार सांगितला, तसं हसू गेलं. "साईं, वो बैकअप था ही नहीं. वो तो आईना है. उधर हाथ उठाओ, इधर भी उठेगा. उधर मिटाओ, इधर भी मिटेगा. और चाबी किसके पास? भतीजे के पास. बैकअप वो, जो आपके छुए बिना हिले नहीं."

"मग दोन डिस्क अजून द्या. आत्ताच उतरवून द्या. मी बसते."

"एक ही घर में तीनों मत रखना."

"नाही ठेवणार. एक बदलापूरला लेकीकडे. ती आता तिसऱ्या मजल्यावर राहते."

"और तीसरी?"

यशोधराबाई नुसत्या हसल्या.

रविवारी विहारात कमिटीची बैठक होती. पत्र्याखाली सतरंज्या अंथरलेल्या, पंखा कुरकुरत होता. डिस्कची बातमी फुटली होती, त्यामुळे पाच जणांच्या बैठकीला तीस-चाळीस माणसं जमली. वंदना झाल्यावर अध्यक्ष राजेंद्र उठला. तो नात्याने दीर लागायचा.

"वहिनी, तुमचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही," तो म्हणाला. "पण ही बोलणी आता समाजाची. समाजाची वस्तू एकाच्या घरात कशाला? ती डिस्क कमिटीकडे जमा करा. काय ठेवायचं, काय नाही, ते पाच जण मिळून ठरवतील."

"नाही करणार जमा," यशोधराबाई म्हणाल्या.

"मोठ्याने बोला हो, ऐकू येत नाही," मागून कोणीतरी ओरडलं.

त्या उभ्या राहिल्या. आवाज तेवढाच ठेवला. पुढच्या माणसांनीच मागच्यांना गप्प केलं.

"जमा करणार नाही. आणि एक डिस्क नाही, तीन आहेत. एक माझ्या घरी, एक पायलकडे बदलापूरला."

"आणि तिसरी?" राजेंद्रने विचारलं.

"ते सांगणार नाही."

"ही लपवाछपवी झाली. शील घेणाऱ्या बाईला शोभतं हे?"

"तिसरी आहे, ते तर सांगितलं, भावजी. कुठे आहे ते सांगायला मी बांधलेली नाही."

बायकांच्या बाजूने कोणीतरी फिसकन हसलं. राजेंद्रचा चेहरा लाल झाला. "स्लॅब गेला तर तुम्ही घालणार का?"

"गेला तर पत्र्याखाली बसू. आजवर बसलोच की." त्यांनी एक श्वास घेतला. "समाजाची वस्तू म्हणता, तर समाजाने ऐकलीय का ती? भूषण, तू तरी शेवटपर्यंत ऐकलीस?"

भूषण उठला नाही. "नाव आलं तिथेच बंद केली," तो सतरंजीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात भिंतीशी टेकून बसलेल्या मोतीबाई बोलल्या. ऐंशीच्या पुढची बाई, वाडीत सगळ्यात मोठी. "अगं ए यशोधरे, लाव ते. गयाचा आवाज ऐकून किती वर्सं झाली मला. हे पुरुष काय ठरवायचं ते मागनं ठरवतील."

राजेंद्र काही म्हणायच्या आत यशोधराबाईंनी डिस्कवरून मोबाईलमध्ये उतरवून आणलेली फाईल लावली आणि मोबाईल वंदनेच्या माईकपुढे धरला.

आधी कोंबडी ओरडली, मग गयाबाई खोकल्या. मग त्या सांगू लागल्या, त्या उन्हाळ्यात विहिरीला बाभळीचे काटे कोणी लावले ते. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं लावून. वाडीतल्या बायांनी हंडे घेऊन सकाळपासून काट्यांबाहेर बसायचं आणि कोणाला दया आली तर त्याने पाणी वरून ओतायचं, असं चाललेलं. चौथ्या मिनिटाला गयाबाई म्हणाल्या, "सातवा महिना व्हता मला. म्या म्हटलं, पोराला काय सांगू, तुला दया पिऊन वाढवला? उचलला पाय आन् टाकला काट्यावर." पायातनं रक्त आलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पोहरा सोडला आणि भरून ओढला. अंगावर माणसं धावून आली. "मी तिथंच उभी ऱ्हाऊन प्याले. त्येंच्या तोंडाकडं बघत प्याले. लई ग्वाड व्हतं." आणि त्या हसल्या, मोठ्याने, खोकला येईपर्यंत.

"पोटात कोण होतं माहितीये?" यशोधराबाईंनी भूषणला विचारलं. "तुझा बाप."

भूषणने तोंडावरून हात फिरवला. मग मोबाईल काढून विचारलं, "काकी, परत टाकू का क्लाउडवर?"

"मी टाकते. आधी खातं माझ्या नावावर कर. ऐकायला सगळ्यांना मोकळं, काढायला कोणाला नाही. मलाही नाही. धर्मराजशेठना यायचं असेल तर यावं, बसावं, ऐकावं. आपण त्यांना बोलवणारच. आणि डिस्क आहेत तिथेच राहतील."

"वहिनी, हे असं परस्पर ठरत नसतं..." राजेंद्रने सुरुवात केली.

"राजा, तू बस खाली," मोतीबाई म्हणाल्या. त्या हाताने जमिनीला रेटा देत पुढे सरकल्या आणि माईकजवळ येऊन बसल्या. "यशोधरे, नऊ वर्सं माझ्या मागं लागली व्हतीस. घे आता माझं. हितंच घे, सगळ्यांसमोर."

यशोधराबाईंनी मोबाईल त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि लाल बटण दाबलं.

"म्या सगळ्यांची नावं घेनार हाय," मोतीबाई म्हणाल्या. "त्येंच्यातली घेनार, आन् आपल्यातलीबी. काटे तोडून आणायला आपल्यातलेच दोघं गेलते. राजा, त्यातला एक तुझा बाप."