स्वातीचा रकाना

पट्टीच्या वरच्या कडेवरून लाल शाईच्या वेटोळ्याचं टोक डोकावत होतं. पट्टी लाकडी, फूटभर लांब, एका टोकाला शाईनं काळवंडलेली. हस्तलिखिताच्या कागदावर ती आडवी ठेवायची आणि एक ओळ टाइप करून झाली की खाली सरकवायची, म्हणजे डोळा चुकून दुसऱ्या ओळीत घसरत नाही — आणि पुढं काय वाढून ठेवलंय तेही आधी दिसत नाही. पण पंचांग लिहिणाऱ्या शास्त्रीबुवांचा हात मोठा. शाळामास्तरानं चुकीभोवती काढावं तसं त्यांनी वेटोळं काढलेलं, आणि ते पट्टीला न जुमानता वर आलं होतं. नेमकं स्वातीच्या रकान्यात, मीनाक्षीच्या स्वतःच्या नक्षत्राच्या. मीनाक्षीनं पट्टी किंचित वर सरकवली. टोक झाकलं गेलं. मग काहीच न बघितल्यासारखी ती हातातली ओळ पुरी करत राहिली.

खालची ओळ श्रवणाची होती, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून ती त्या ओळीकडंच तर चालली होती — अश्विनीपासून एकेक पायरी उतरत.

येत्या वर्षाच्या पंचांगातलं गुणमेलनाचं कोष्टक. वर आडवी वधूची नक्षत्रं, डावीकडं उभी वराची, आणि दोघांची जिथं गाठ पडते त्या चौकटीत छत्तीसांपैकी किती गुण जुळतात तो आकडा. अठराच्या पुढं गेला की जमलं. मात्र दोघांची नाडी एक असेल तर आकडा कितीही गलेलठ्ठ असो, लग्न नाही. अशा आकड्याभोवती शास्त्रीबुवा लाल वेटोळं काढत, आणि छापताना तो आकडा ठळक करायचा. पूर्वी छापखान्यात हे काम जोतीराम शिशाचे खिळे जुळवून करायचा, आणि पुढचे चार दिवस कुणाशी धड बोलायचा नाही. गेल्या वर्षी मालकांनी, म्हणजे अण्णांनी, कर्ज काढून फोटोटाइपसेटिंगचं मशीन आणलं. मशीनला एसी, माणसांना पंखा. खोलीत येताना चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळं खालच्या आळीत या खोलीला देवघर म्हणत आणि मीनाक्षीला पुजारीण.

तिला हे काम आवडे, अगदी मनापासून आवडे. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकड्यांबरोबर कमांडही टाइप करायच्या. त्या छापल्या जात नाहीत, पण काय कुठं आणि कसं बसायचं ते त्याच ठरवतात. आधी सगळ्या कोष्टकाला एकदा सांगून ठेवायचं — अक्षर बारीक, आकडे मधोमध. मग एखाद्या रकान्याला वेगळं सांगायचं. आणि मग एखाद्याच चौकटीला. चौकटीला स्वतःचं काही सांगितलं नसेल तर ती रकान्याचं ऐकते, रकान्याला सांगितलं नसेल तर तो कोष्टकाचं. पण चौकटीला एकदा तिचं तिचं सांगितलं की मग ती कुणाचं ऐकत नाही. एखादा आकडा ठळक करायचा तर त्याआधी एक उघडती खूण, नंतर एक मिटती.

हे सगळं तिनं रविवारी नृसिंहला सांगितलं होतं... का सांगितलं कोण जाणे. गडहिंग्लजची मंडळी बघायला आलेली, पोहे झालेले, आणि मोठ्यांनी दोघांना माडीवर बसवून ठेवलं होतं. तो तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली — बघायला येताना तरी दुरुस्त करून यावं की नाही माणसानं! आतापर्यंतच्या सगळ्यांनी एक तर स्वयंपाक विचारला होता, नाही तर नोकरी सोडणार का ते. यानं विचारलं, "तुम्ही तिथं नक्की करता काय?" आणि ती बोलतच सुटली. हातानं हवेत चौकटी काढून दाखवल्या तिनं. तो मन लावून ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, "मिटायचं विसरलं तर?"

"तर पुढचं सगळं तसंच येतं. मागून कितीही खुणा मिटल्या तरी ती पहिली उघडी राहिलेली मशीन विसरत नाही."

"आमच्या आईचं असंच आहे," तो म्हणाला. "सकाळी दूधवाल्यावर चिडली की रात्री देवालासुद्धा बोलणी बसतात."

मी हसले. बघायला आलेल्या माणसासमोर मोठ्यानं हसले, आणि खाली वडिलांना, अप्पांना, ऐकू गेलं असेल या भीतीनं तोंडावर हात ठेवला... तो मला आवडला. एवढं साधं वाक्य, पण रविवारपासून ते मी मनातल्या मनातही पुरं होऊ देत नव्हते.

निघताना त्याची आई म्हणाली होती, पत्रिका घर बदलताना कुठं गेली ती गेलीच, पण नक्षत्र श्रवण, रास मकर, एवढ्यावर बघून घ्या. आणि आज सकाळी डबा भरताना अप्पा म्हणाले, "मीने, ते कोष्टक तुझ्याकडंच आलंय म्हणतीस ना? मग बघून ये की. गुरुजींकडं आणखी कशाला खेटे घालायचे? चांगलं असलं तर संध्याकाळी गडहिंग्लजला कळवून टाकू." हातकणंगल्याच्या कचेरीत सगळी नोकरी झालेली त्यांची, कागद घरबसल्या मिळत असेल तर दुसऱ्याच्या दारात कशाला जा, हा हिशेब.

म्हणजे या खेपेला निकालही तिनंच आणायचा होता.

ओळ संपली. तिनं पट्टी खाली सरकवली. श्रवण. अश्विनीखालचा आकडा, भरणीखालचा... बोटं आपोआप चालत होती. चित्रा. मग स्वाती.

वेटोळं होतंच. आणि वेटोळ्यात तेवीस.

तेवीस! तिनं दोनदा बघितलं. इतके गुण कुणाबरोबरच जुळले नव्हते. तेवीस म्हणजे स्वभाव जुळतो, राशी जुळतात, सगळं जुळतं... आणि नाडी एक. गुरुजींचं नख आठवलं. पिवळट, लांब, पंचांगाच्या पानावर टेकलेलं, आणि गुरुजी जिभेनं च्यक् करून मान हलवताहेत. अप्पा आवळलेल्या ओठांनी पत्रिकांची गुंडाळी करताहेत. आई गेल्यावरच्या वर्षी पहिल्यांदा, मग आणखी एकदा... आणि एकदा तर ते नख टेकलं तेव्हा मीनाक्षीला बरं वाटलं होतं. तो सांगलीचा, साखर कारखान्यातला, जो सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. त्याला नाही म्हणायचं धाडस तिला झालं नसतं. नाडीनं परस्पर सांगून टाकलं. तेव्हा तिनं स्वातीचे मनोमन आभार मानले होते — हे कुणाला सांगायचं?

तिनं उघडती खूण टाइप केली. तेवीस टाइप केलं.

अप्पा काय विचारतील? "किती?" एवढंच विचारतील. नेहमी तेवढंच विचारतात. नाडीचं ते गुरुजींवर सोपवतात. मी म्हणेन, तेवीस. त्यात खोटं काहीच नाही, आकडा तेवीसच आहे. फक्त तो ठळक आहे, हे सांगायचं नाही... ठळकपणा काय, बोलताना ऐकू थोडाच येतो? गडहिंग्लजला पत्र जाईल. मग पाडव्याच्या आधी हेच पंचांग तिथल्या दुकानात लागेल, आणि चष्म्याची काडी बांधलेला माणूस सहज म्हणून पान उघडेल, कारण बायकोनं हवेत काढून दाखवलेलं कोष्टक ते हेच... आणि मग? मग मी टाइप केलेलाच आकडा माझ्याबद्दल सांगेल. ती पुढं टाइप करत राहिली. विशाखा. अनुराधा. श्रवणाची ओळ संपली, धनिष्ठाची, शततारकाची, कोष्टक रेवतीपाशी संपलं. तिनं पान मशीनवर सोडलं, डब्यातली भाकरी खाल्ली, आणि भाजी कसली होती ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

दुपारी जोतीराम काचेच्या दाराशी आला. हल्ली तो अंधाऱ्या खोलीत मशीनमधून आलेले ब्रोमाइड, म्हणजे फोटोचे कागद, धुवायचा आणि कापून चिकटवायचा. हातात ओला कागद दोन टोकांनी धरलेला.

"ताई, ह्ये काय केलासा ओ?"

"काय झालं?"

"तुमीच बघा की. आज कुणाचंच लगीन हुत न्हाय."

तिनं बघितलं. श्रवणाच्या ओळीपर्यंत पान ठीक होतं — बारीक आकड्यांत अधूनमधून एखादा ठळक. स्वातीखालचा तेवीस ठळक, आणि तिथून पुढं सगळेच्या सगळे ठळक. विशाखा, अनुराधा, मूळ, खालच्या सगळ्या ओळी, आठ गुणवाले आणि तेहेतीस गुणवाले, सरसकट काळेकुट्ट. कुणाचीही नाडी कुणाला चालत नव्हती. पानाच्या खालच्या भागात गावंच्या गावं बिनलग्नाची बसली होती.

तिला हसू फुटलं. रविवारसारखंच, मोठ्यानं. जोतीरामही हसला.

"आमचं बरं," तो म्हणाला. "धोंडुबाईचं नक्षत्र तिच्या आयला बी ठावं न्हवतं. आता रोज भांडतोय ती गोष्ट येगळी, पर त्ये नाडीपायी न्हाय, च्यातल्या साखरंपायी."

तो गेला. ती परत पडद्यासमोर बसली. चूक कुठं आहे ते तिला न शोधताच माहीत होतं. उघडलं होतं, मिटलं नव्हतं. हिरवा ठिपका तेवीसच्या चौकटीत नेला. तो उघडत्या खुणेपाशी थांबला, आकड्याच्या अलीकडं. इथं ती खूण खोडली असती तर मिटतीची गरजच उरली नसती. पान दुरुस्त झालं असतं, आणि तेवीस इतरांसारखाच साधा, बारीक, कुणाच्या नजरेत न भरणारा. शास्त्रीबुवांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही... बोट त्या कळीवर होतं. खरंच होतं. मग तिला दुसरीच कुणीतरी दिसली, पन्हाळ्याकडच्या एखाद्या घरातली, स्वातीचीच, बापाशेजारी बसून हे पान बघणारी. तिला काय ते खरं कळायला हवं. मग मानो नाही तर न मानो. आणि तिच्याकरता खरं असेल तर माझ्याकरता वेगळं कसं?

ठिपका आकड्याच्या पलीकडं नेला. तिथं मिटती खूण टाइप केली.

एवढंच. पान पुन्हा सोडलं. जोतीराम यायच्या आतच तिला ते दिसत होतं — एक तेवीस ठळक, आणि पुढचं सगळं पूर्वीसारखं निवांत. इतकी वर्षं जिच्या धाकात काढली ती गोष्ट आज आपण उघडली आणि मिटली, या दोन बोटांनी. नाडी खोटी आहे असं तिला वाटलं नाही. ती काही तसली नव्हती, एकादशी करायची, मंगळवार मोडत नसे. पण धाक मात्र गेला होता. तो जिथं असायचा तिथं आता मोकळं मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाचीच जरा धास्ती वाटत होती. सांगलीच्या माणसाला परस्पर नाही सांगणारं कुणीतरी होतं. आता नाही म्हणायचं तर मलाच म्हणायला हवं, आणि हो म्हणायचं तरी मलाच.

सहा वाजता ती निघाली. मिरजकर तिकटीवर भडंगाचा खमंग वास सुटला होता, तालमीच्या दारात आंघोळ करून आलेली पोरं केस झटकत उभी होती. चालता चालता ती वाक्यं जुळवत होती. तेवीस गुण आहेत. नाडी एक आहे. ही दोन कोष्टकातली, त्यांना जागा ठरलेली. तिसरं, रविवारपासून मनातही पुरं न केलेलं वाक्य कुठल्या चौकटीत बसत नव्हतं. म्हणायला गेलं की कान तापायचे, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

अप्पा पायरीवरच बसले होते. सदरा बदललेला, खिशात पेन लावलेलं.

"काय गं, किती?"

"तेवीस."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" ते गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागले.

"पण नाडी एक आहे, अप्पा. अंत्य नाडी."

अप्पा अर्धे उठलेले तसेच खाली बसले. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला, खूप वेळ पुसत राहिले. या जागी नेहमी काय होतं ते तिला पाठ होतं. ती म्हणायची, चहा टाकते, आत जायची, आणि स्टोव्हच्या आवाजात बाहेरचा सुस्कारा ऐकू यायचा नाही. ते शब्द आजही जिभेवर येऊन बसले होते.

ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आणि..." ती म्हणाली.

अप्पांनी चष्म्याशिवायच वर पाहिलं. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नसणार. मी घाबरले होते, अप्पा काय म्हणतील ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण ते वाक्य आता घशाशी आलं होतं, रविवारी हसू आलं होतं तसंच, आणि मला आज चहा टाकायची घाई नव्हती.