मशीनला बांधलेला लिंब

तानाबाईनं एकाच ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, तेव्हा ती घाबरली. नवरा एचआयव्हीनं गेला तेव्हा इतकी घाबरली नव्हती. आपल्यालाही तेच आहे हे कळलं तेव्हाही नाही. चौदा वर्षं गोळ्या गिळल्या, शिलाई मशीन चालवली, कोणापुढं हात पसरला नाही. आणि आता मापंच डोक्यातून सांडायला लागली. शिवणं गेलं तर तिच्याजवळ राहणार काय?

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर अर्पिता मॅडमनं सरळ सांगितलं, "विषाणू दबून आहे. पण हा आजार डोक्यालाही त्रास देऊ शकतो. गोळ्या सोडू नका, आणि रोज अर्धा तास घाम निघेस्तोवर व्यायाम करा. सारं परत येईल असं नाही म्हणत. फायदा होऊ शकतो."

आर्णीजवळच्या तिच्या गावात ग्रामपंचायतीनं व्यायामाच्या सहा मशिनी बसवल्या होत्या. त्यांच्यावर आजवर गोधड्याच वाळल्या. तानाबाई पदर खोचून सायकलवर बसली. आठ दिवस बसली. नवव्या दिवशी सायकलच्या दांडीला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले. घरात कांजिण्यांची माता निघाली की दारावर बांधतात, तसे. इकडं फिरकू नका म्हणून.

सरपंचीणबाईचे नवरोबा सदाशिवराव बाजूलाच उभे. सही बायकोची, कारभार यांचा.

"हे कोनं बांधलं, भाऊजी?"

"गावानं. लेकरं येतात इथं. तुह्या घामानं रोग पसरला तं?"

"घामानं नाई पसरत. दवाखान्यात विचारा."

"आमाले नको शिकवू. या वयात तुले कोनती पैलवानकी करायची हाय वो?"

बाजूच्या ओट्यावर बसलेली चार टाळकी खिदळली.

तानाबाईच्या अंगाचा जाळ झाला. चौदा वर्षं गाव कुजबुजायचं आणि ती मान खाली घालून निघून जायची. कायले? काय चोरलं होतं तिनं?

तिनं डहाळे ओरबाडून फेकले.

"माता नाई निघाली मले, एचआयव्ही हाय! मोठ्यानं बोला ना, फुसफुस काहून करता? सरपंचीनबाईच्या अंगातला ब्लाउज कोनं शिवला? दातानं दोरा तोडते मी, भाऊजी. थो उष्टा दोरा चालते तुमाले. मही मेहनत अंगाले चालते, अन् महा घाम लोखंडाले चालत नाई?"

ओट्यावरचं हसू आटलं. सदाशिवरावांनी इकडंतिकडं पाहिलं.

"हे पाह्य, भांडन नको..."

"भांडनच करून राह्यली मी! डोकं जाऊन राह्यलं महं. आज बाह्या विसरते, उद्या घर विसरीन. घरी बसून वाट पाहू का? हात लावा मले, अन् उतरवा खाली."

ती सायकलवर चढली. हात कोण लावतो? कोणीच नाही. ज्या भीतीनं लिंब बांधला, तीच त्यांना आडवी आली.

सदाशिवराव बडबडत निघून गेले. तानाबाईनं मागं वळून पाहिलं नाही, ती पायडल मारत राहिली. अर्धा तास अजून व्हायचा होता.