नुसते आजोबा

नातीला पहिल्यांदा मैदानावर नेऊन फुटबॉल दाखवायचा तो मीच, हे मी ती रांगत होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. आजोबाला नातीबद्दल काही ठरवायचं असेल तर परवानगी लागते, हे मला माहीत नव्हतं. ती पाच वर्षांची झाली तशी मी दोन तिकिटं काढली, एक तिचं, एक माझं, आणि मोठ्या तोऱ्यात सुनेला फोन केला. ती म्हणाली, "किती छान, बाबा. अप्पांनाही न्या ना बरोबर. त्यांना फुटबॉलचं वेड आहे, आणि ती हल्ली त्यांच्याशिवाय कुठे जायला तयारच होत नाही."

अप्पा म्हणजे सुनेचे वडील, माझे व्याही. मी दातओठ खात तिसरं तिकीट काढलं.

मुळात नात त्यांना 'आजोबा' म्हणते आणि मला 'चष्मेआजोबा'. माझं चष्म्यांचं दुकान आहे म्हणून. ऐकणाऱ्यांना हे फार गोड वाटतं. मला वाटत नाही. ते नुसते आजोबा आणि मी दुकानाची पाटी गळ्यात अडकवलेला. पोरीला आडनाव माझं लागलंय, नाक माझं आहे, आणि झोपेतून उठली की हाक मात्र त्यांना.

व्याही बस चालवायचे. माझ्याहून वयाने लहान. पण दोन वर्षांमागे गुडघे कुरकुरतात म्हणून मुदतीआधीच नोकरी सोडली आणि लेकीच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायला आले. शाळेची गाडी नातीला दारात सोडते ती थेट त्यांच्या ताब्यात. संध्याकाळपर्यंत दोघांचं राज्य. त्या वेळी मी दुकानात लोकांना 'वरची ओळ वाचा, आता खालची वाचा' करत उभा. रविवारी मी तिला भेटायला जावं तर तिने मला काय सांगावं? आजोबांनी असं केलं, आजोबा तसं म्हणाले. माझ्या पोटात दुखायचं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, मला कळतं. कळून दुखायचं थांबत नाही.

आणि हा गृहस्थ बोलताना कधी माझ्या तोंडाकडे बघत नाही. मान जराशी तिरकी, नजर माझ्या कानापाशी. जसं काही माझ्या मागे कुणी जास्त महत्त्वाचा माणूस उभा आहे. गुडघे दुखोत नाहीतर काय दुखो, एवढा भाव खायचं कारण नव्हतं.

सामन्याच्या दिवशी मी लाल मफलर घालून दारात हजर. नातीलाही एक लाल आणला होता, छोटा. तिने तो गळ्यात घातला, छान दिसतोय का ते आजोबांना विचारलं, आणि आजोबांचं बोट धरून चालू लागली. मी पाण्याची बाटली, डबा, तिचा स्वेटर आणि तिकिटं सांभाळत मागून. लग्नाच्या वरातीत सामानाची गाडी असते तसा.

मैदानाच्या पायऱ्या चढून वर आलो आणि ते हिरवं गवत एकदम समोर आलं. तिच्या तोंडाचा आ झाला. या एका क्षणासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो. मी खाली वाकलो, म्हटलं, "कसं आहे?" ती माझ्याकडे न बघता व्याह्यांचा हात ओढत म्हणाली, "आजोबा, खूप मोठ्ठं आहे. हिरवं आहे. आणि पांढऱ्या रेघा आहेत." ते म्हणाले, "हो का? आणि गोल कुठे आहेत?" तिने हात लांब करून दाखवले. हा माणूस जन्मभर फुटबॉल बघत आलाय आणि गोल कुठे असतात ते पोरीला विचारतोय. कौतुक करून घ्यायच्या तऱ्हा एकेकाच्या.

ती मध्ये बसली, आम्ही दोघे दोन बाजूंना. मी खिशातून माझा हुकमाचा एक्का काढला. दुकानातली छोटी दुर्बीण, तिच्या डोळ्यांच्या अंतराला मी स्वतः बसवून आणलेली. तिने दोन मिनिटं बघितलं आणि मला परत दिली. "हिच्यातून बघत बसलं की सांगायला उशीर होतो," ती म्हणाली.

कुणाला काय सांगायला, ते मी विचारलं नाही. दुर्बीण नाकारली गेली एवढंच डोक्यात राहिलं. मग मोठ्या मनाने ती व्याह्यांपुढे केली. "नको, तुम्हीच बघा," ते म्हणाले. माझ्या कानाला.

सामना सुरू झाला. पहिला आरडाओरडा झाला तशी ती दचकली, कानांवर हात घेतले आणि शिरली कुठे, तर त्यांच्या कोटात. मीही कोट घातला होता. मुद्दाम पुढची बटणं उघडी ठेवून.

थोड्या वेळाने भीती गेली आणि तिचं कुजबुजणं सुरू झालं. खुर्चीवर गुडघे टेकून, तोंड त्यांच्या कानाशी. ते मान हलवतात, मध्येच हसतात. सगळं मैदान एकीकडे बघतंय आणि या दोघांचं आपलं वेगळंच गूळपीठ. काय एवढं गुपित चाललंय? माझ्याबद्दल तर नसेल? शेवटी माझ्याने राहवेना. मी बाटली उचलायचं निमित्त करून वाकलो आणि कान लावला.

"लाल. लाल. अजून लाल. आता निळ्याने घेतला. तो पडला. रडत नाहीये. शिट्टीवाल्या काकांनी हात वर केला."

"कुठल्या बाजूला?" व्याह्यांनी विचारलं.

"आपल्या."

मला वाटलं, पोरीला खेळ शिकवतोय. माझ्या आधी. माझ्याच तिकिटावर बसून. मी फणकाऱ्याने पॉपकॉर्नचा पुडा तिच्या डोक्यावरून त्यांच्यापुढे धरला, अगदी नाकासमोर. त्यांनी हात पुढे केला नाही. मान मैदानाकडे तशीच. मी पुडा थोडा बाजूला नेला, आणि ते म्हणाले, "अरे वा, आभारी आहे," आणि घेतला.

मी पुन्हा मैदानाकडे बघू लागलो, पण खेळ काही दिसेना. नाकासमोरचं दिसत नाही आणि बाजूचं दिसतं. मान तिरकी. नजर कानाशी. अशा लोकांपैकी माझ्या दुकानात महिन्यातून एखादा तरी येतो. नजरेच्या मधोमध डाग पडलेला असतो आणि कडेकडेचं दिसत राहतं. मी त्यांना सांगतो की याला चष्मा चालत नाही, डॉक्टरांकडे जा. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत होता आणि मी त्याला गर्विष्ठ म्हणत होतो.

मध्यंतरात नात पुढच्या कठड्याला लोंबकळत, गवताला पाणी मारणाऱ्या माणसाकडे बघत होती. मी तिच्या खुर्चीवर सरकलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"उगाच नका. माझा धंदा आहे हा."

"पुढच्या गाडीचा नंबर नजरेतून जायला लागला," ते म्हणाले. "मग एक दिवस पुढची गाडीच गेली. ब्रेक लागला वेळेवर. त्याच दिवशी म्हटलं, आता बास."

"आणि गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

"डॉक्टर?"

"जातो. डोळ्यात इंजेक्शन देतात. आहे तेवढं टिकेल म्हणतात."

"घरी?"

"नातीला ठाऊक आहे. तिला सांगितलं नाही कधी, तिचं तिलाच कळलं. लेकीला नाही." त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली, आणि त्या तिरक्या नजरेला किती धडपड करावी लागते ते मला पहिल्यांदा कळलं. "नातीला घेऊन मी रस्ता ओलांडत नाही, गॅस लावत नाही. तेवढं भान आहे मला. पण लेकीला कळलं तर तिला माझ्याकडे ठेवणार नाही. तुम्ही सांगणार का?"

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आधी आनंदच झाला. एक फोन पुरे होता. 'सूनबाई, काळजीपोटी सांगतो' अशी सुरुवात केली की काम फत्ते. शाळेची गाडी माझ्या दुकानाशी थांबणार. तिला काउंटरमागे उंच स्टूल देईन. रिकाम्या फ्रेमा नाकावर चढवून ती आरशात बघेल, गिऱ्हाईक विचारेल, नात का, आणि मी म्हणेन, हो, रोज असते. मला दोष कोण देणार होतं? आंधळ्या होत चाललेल्या माणसाकडे पोर ठेवू नये, हे कुणीही म्हणेल.

"बघू," मी म्हणालो.

उत्तरार्धात मी माझी जागा सोडलीच नाही. म्हणजे तिच्या खुर्चीवर मी, आणि ती आम्हा दोघांच्या मांड्यांवर अर्धी अर्धी. तिचं सुरूच. लाल, निळा, लाल. मी तिला हळूच म्हटलं, "मलाही सांग ना."

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "तुला दिसतंय की."

मी जे केलं ते सांगायला मला फार आवडत नाही. मी चष्मा काढून खिशात टाकला. समोर सगळा हिरवा चिखल. "आता नाही दिसत," मी म्हणालो.

ती थोडा विचार करून म्हणाली, "चष्मा घाल ना मग."

व्याही हसले नाहीत. ते म्हणाले, "मोठ्याने सांग, म्हणजे दोघांना ऐकू येईल." त्यांच्या या दिलदारपणाचा मला जास्तच राग आला. मी चष्मा घातला. तेवढ्यात लालने गोल केला आणि आमच्याभोवती सगळे उठून नाचू लागले. ती त्यांच्या कानात ओरडत होती, "गेला, आजोबा, जाळीत गेला," आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मी उघड्या डोळ्यांनी बघितलेला गोल त्यांच्या ऐकलेल्या गोलाएवढा मोठा नव्हता, आणि ते मला सोसत नव्हतं.

परतताना गर्दी फार. ती दमली होती, चालेना. व्याह्यांनी हात पसरले आणि मग स्वतःच मागे घेतले. मी तिला उचललं. अखेर. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, डोकं खांद्यावर टेकलं. तिच्या केसांना पॉपकॉर्नचा वास येत होता. व्याह्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही उतरू लागलो. ती माझ्या खांद्यावरून त्यांना सांगत होती, "पायरी. पायरी. मोठी पायरी." अंगावर माझ्या आणि बोलणं त्यांच्याशी.

मग आवाज थांबला. तिला झोप लागली होती. व्याही एक पाय पुढे करून तसेच उभे राहिले. मागून लोक ढकलत होते.

"पायरी," मी म्हणालो.

"लहान की मोठी?" त्यांनी विचारलं. "ती सांगते."

"लहान," मी म्हणालो. दंडावरची त्यांची पकड घट्ट होती. रोज ही पकड त्या एवढ्याशा खांद्यावर असते.

फाटकाबाहेर सून आम्हाला न्यायला आली होती. गाड्यांपाशी उभी राहून ती हात हलवत होती, आधी माझ्याकडे बघून आणि मग वडिलांकडे. व्याही तिच्याच दिशेला तोंड करून चालत होते आणि त्यांचा हात काही वर होत नव्हता. तिचा हात हवेत थोडा हळू झाला. ती त्यांच्याकडे निरखून बघायला लागली. मला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणखी चार पावलं.

"समोर लेक आहे," मी ओठ न हलवता म्हणालो. "जरा डावीकडे. हात हलवतेय."

त्यांनी हात उंच केला आणि जोरात हलवला, बसच्या खिडकीतून हलवतात तसा. सून हसली.

"सोमवारी दुकानात या, मी रिक्षा पाठवतो," मी हळूच म्हणालो. "त्या डागावर माझ्याकडे औषध नाही, पण जवळचं वाचायला एखादं भिंग लावून बघू. आणि लेकीला तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार."

"येतो," ते म्हणाले.

"एकटे येऊ नका. नातीला घेऊन या."