कोरं करा

मित्रांनो, कामरगावच्या रऊफमियांच्या शिलाईच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसलेला मी एक जुना संगणक आहे. वाशीमच्या एका कचेरीने मला मोडीत काढले, तेव्हा रऊफमियांची मुलगी इकरा मला घरी घेऊन आली. तिची आई हुस्नाबानो गावातल्या मुलींना शिवण शिकवायची. आईचे धडे तिच्याच आवाजात एका वेबसाइटवर ठेवायचे आणि ती साइट माझ्यावरून चालवायची, असे इकराने ठरवले होते.

आता माझ्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालायची?

“विंडोज टाक ना. सगळ्याईले येते,” तिचा मोठा भाऊ शाहिद म्हणाला.

“भाई, याची मेमरी दोनच जीबी हाय. याले पडदा नाही, माऊस नाही. लाइन जाऊन आली का यानं आपल्या आपण साइट चालू केली पायजे. मी लिनक्स टाकते.”

तिची निवड चुकली नाही. चार वर्षे मी कुरकुर न करता चाललो. आसेगावची उमेरा तर माझ्यावरचे धडे ऐकतच ब्लाउज शिवायला शिकली.

पुढे इकरा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि त्याच हिवाळ्यात हुस्नाबानो वारली. रऊफमियांनी बोलणेच टाकले. निदान मुलगी तरी व्हिडिओ कॉलवर रोज त्यांच्या डोळ्यांना दिसावी, म्हणून शाहिदने मला पडदा जोडला. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे पासवर्ड मागू लागली. मी बिघडलो असे वाटून त्याने मला मोटरसायकलवर बांधले आणि वाशीमला अश्वजितच्या दुकानात नेले.

अश्वजितने विचारले, “विंडोज टाकतो, पण आतलं सगळं जाईन. काही ठेवाचं हाय का?”

“काही नाही. कोरं करा.”

मित्रांनो, मला ओरडता आले नाही.

संध्याकाळी इकरा पडद्यावर दिसली. अब्बा कितीतरी दिवसांनी हसले. मग ती म्हणाली, “भाई, साइट उघडून नाही राह्यली. अम्मीचा आवाज ऐकाचा व्हता.”

आईचे धडे माझ्यातच होते, हे शाहिदला तेव्हा कुठे आठवले.

धड्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. “ठेवीन ठेवीन म्हणत मीच राह्यली,” म्हणून इकरा रडली. भावाला मात्र तिने बोल लावला नाही.

उमेराच्या मोबाइलमध्ये एखादा धडा उतरवलेला असेल, या आशेने शाहिद आसेगावला गेला. तो मोबाइल तिने केव्हाच बदलला होता, पण पहिला धडा तिला पाठ होता. त्याच्या फोनमध्ये ती बोलली, “बेटा, कोरं कापड आधी पाण्यातून काढा. वायलं का मंगच कात्री लावा. घाई नोका करू.”

तो धडा आता माझ्यात आहे. रऊफमिया ऐकायला बसले. पहिल्या शब्दाला त्यांनी मान वर केली, आणि आवाज उमेराचा आहे हे कळताच हळूच खाली घातली.

मित्रांनो, जुने यंत्र पुसण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि ज्या आवाजावाचून तुम्हाला करमत नाही, त्याची दुसरी प्रत आजच ठेवा. माझ्या इकराने ती उद्यावर टाकली होती.