अण्णाजींची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. खांद्यावर घेऊन चालवायचा, मोठी कॅसेट पोटात घेणारा. सेलूच्या एका फोटो स्टुडिओत कपाटावर माझा मुक्काम असतो. पण मी गाऱ्हाणं मांडायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. १९९४ साली मी नागपूरच्या दुकानातून सपनाताईंच्या हाती आलो. बाई शूटिंग करते याचंच तेव्हा लोकांना नवल! लग्नघरात आम्ही शिरलो की पाहुणे टोप्या नि पदर सारखे करत. रडता रडता थांबून नवरीची आई विचारी, "मी येऊन राह्यली ना त्याच्यात?" फार कौतुक झालं माझं. मग तळहातावर मावणारे कॅमेरे आले आणि माझ्यावर टॉवेल पडला. टॉवेलवर धूळही बसली.

२००९च्या जानेवारीत ताईंनी तो टॉवेल काढला. गावात क्रिकेटची स्पर्धा होती. पंचाचा निर्णय पटला नाही तर खेळाडूनेच दाद मागायची, ही नवी पद्धत मुलांनी टीव्हीवर पाहिली होती. इथेही तसंच ठरलं. धावबादच्या निर्णयावर प्रत्येक संघाला दोनदा दाद मागता येईल. दाद फसली की ती संपली. नवा कॅमेरा एका लग्नात गुंतलेला, म्हणून माझी वर्णी लागली. सीमारेषेबाहेर, क्रीजच्या सरळ रेषेत मला तिवईवर उभं केलं. शेजारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टीव्ही ठेवला.

माझ्यासमोर पंच म्हणून अण्णाजी होते. बाजार समितीतले जुने मापारी. काट्यावर त्यांनी सांगितलेलं वजन शेतकरी आणि व्यापारी दोघंही मुकाट्याने मान्य करत. मैदानावरही वीस वर्षं त्यांच्या वर गेलेल्या बोटावर कोणी शंका घेतली नव्हती.

सेलूचा उपांत्य सामना कारंज्याच्या संघाशी होता. दुपारपर्यंत सेलूच्या मुलांनी अण्णाजींचे दोन निर्णय माझ्याकडून फिरवून घेतले. "अण्णाजी, चष्मा बदला!" मैदानातून आवाज आला, लोक हसले. अण्णाजींचा चेहरा उतरला. कारंज्याचा कर्णधार भूपेंद्र उतावळा. त्याने दोन्ही वेळा भलत्याच क्षणी दाद मागून ती वाया घालवली.

कारंज्याची शेवटची जोडी खेळत होती, चार धावा हव्या होत्या. त्यातला रोशन दुसऱ्या धावेसाठी जीव तोडून पळाला. बेल्स उडाल्या. अण्णाजींनी बोट वर केलं.

"काका, मी आत होतो! एक डाव टीवी पाहा ना!" रोशन कळवळून म्हणाला.

"तुमची दोन्ही वेळची दाद संपली. नियम म्हंजे नियम," अण्णाजी म्हणाले.

कारंजा हरलं. आणि मित्रांनो, माझ्या पोटातल्या कॅसेटवर रोशनची बॅट रेषेच्या आत वीतभर होती!

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सपनाताई ती कॅसेट पाहत बसल्या. रोशनवरचा अन्याय त्यांना दिसलाच, पण आणखीही काही दिसलं. चुकलेल्या तिन्ही वेळी फलंदाज अण्णाजींच्या डाव्या बाजूने आला होता. पाणी घेऊन आलेला खेळाडू डावीकडे उभा होता, तर त्यांचं कोपर ग्लासावर आदळलं होतं. चेंडू डाव्या पायाजवळून घरंगळत गेला, तरी मान हलली नव्हती.

ताईंनी अण्णाजींना एकट्यांनाच बोलावलं, दार लोटून घेतलं आणि कॅसेट लावली.

"माही फजिती कमी झाली का, पोरी?" अण्णाजी चिडले.

"काका, तुमच्या चुका दावाले नाई बलावलं. तुमच्या डाव्या बाजूचं तुम्हाले दिसतच नाई, असं वाटून राह्यलं मले."

अण्णाजींनी पुन्हा पाहिलं. मग हळूच उजवा डोळा हाताने झाकला. हात खाली घेत ते म्हणाले, "डाव्यानं तं टीवीच दिसून नाई राह्यला. वर्ध्याले जाऊन दाखवतो."

वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. "पण उजव्यात आत्ताच सुरुवात आहे. थेंब नेमाने घातले तर त्याची नजर वाचवता येईल. वर्षभर उशीर केला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

तिथून परतताना अण्णाजी घरी गेलेच नाहीत, थेट स्टुडिओत आले. "सपना, मशीन घे. कारंज्याले जाऊ."

कारंज्यात हायवेवर पंक्चरच्या दुकानात रोशन काम करी. 'हा आळसाने पळाला,' असा ठपका बसल्यापासून त्याने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. शेजारच्या ढाब्यावरच्या टीव्हीला मला जोडलं. अण्णाजींनी अख्खा संघ बोलावला होता. चित्र थांबलं: बॅट आत, बेल्स अजून जागेवर.

"हा आउट नव्हता," अण्णाजी सगळ्यांसमोर म्हणाले. "मले दिसलं नाई. रोशन, मले माफ कर बापा."

भूपेंद्रने चित्र तीनदा पाहिलं. मग खालमानेने म्हणाला, "मी दोन्ही वेळची दाद वाया घालवली, अन् बोल याले लावला." तो रोशनकडे वळला. "उद्या प्रॅक्टिसले येजो."

रोशनने ग्रीसचे हात पँटला पुसले आणि आधी अण्णाजींच्या पाया पडला. "काका, मलेच वाटून राह्यलं होतं का मी हळू धावलो," एवढंच तो बोलला.

मित्रांनो, आता माझ्याजोग्या कॅसेट मिळत नाहीत. पण ताईंनी मला पुसून ठेवलं, एका चांगल्या कामाला लावलं, याचं समाधान मोठं आहे. जुन्या वस्तूंना जपा. आणि कोणी दार लोटून, हलक्या आवाजात तुमची चूक दाखवू लागलं, तर रागावून उठू नका. अण्णाजींसारखं पुन्हा एकदा पाहा. ते आजही डोळ्यांत थेंब घालून, उजव्या डोळ्याने रोज सकाळी अख्खं वर्तमानपत्र वाचतात.