तेवीस तपकिरी आणि एक खाट

ब्राह्मणपुरीच्या दगाआबांना घराच्या जमिनीच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. आपली खाट कुठे जाणार, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि नेमकं तेवढं सोडून घरात बाकी सगळ्यावर चर्चा चालू होती.

ही खाट अडतीस वर्षं बैठकीत, पूर्वेच्या दाराला लागून होती. तिथून रस्ता दिसायचा. येणारा-जाणारा राम राम घालायचा, आणि केळीच्या किती गाड्या गेल्या ते पडल्यापडल्या समजायचं. मग मुलगा हेमकांत सुरतेला एका व्यापाऱ्याच्या घरी जेवून आला. तिथे जमीन लाकडाची होती. झालं! घरी येऊन त्याने चांगली धडधाकट फरशी उखडली, घरभर सागाच्या फळ्या ठोकून घेतल्या, आणि सूनबाई सीमाने बैठकीचा नकाशा काढला. नकाशात सोफा होता, कुंडी होती, खाट नव्हती. ती मागच्या खोलीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी जायची होती. आबांच्या बायकोची, शांतीबाईची, लोखंडी पेटीही तिथेच. कारण बैठकीला लागून असलेल्या तिच्या खोलीत हेमकांतला पळायचं मशीन ठेवायचं होतं. दोन बांध ओलांडून मळ्यात जायला मात्र या पळणाऱ्याला मोटारसायकल लागायची.

"बठकमा खाट बरी नही दिखस, आबा," हेमकांत म्हणाला. "पॉलिश व्हऊ द्या, मंग दखूत."

पॉलिश काही होईना. सुपडू मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावलं, की कोऱ्या लाकडावर पाय पडला तर डाग बसतो आणि बसलेला डाग उठत नाही. त्याने दाराला दोरी बांधली. दिवाळीच्या आधी सगळं बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेलं आणि शेवटचं पॉलिश कुठल्या रंगाचं, यावर अडकून पडलं ते होळी आली तरी तिथेच होतं.

सुपडूने फळीच्या तुकड्यांवर आधी चार रंग लावून दाखवले. हेमकांतला चारही आवडले, म्हणजे एकही आवडला नाही. चाराचे नऊ झाले, नवाचे सोळा, सोळाचे तेवीस. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "सगळा तपकिरीच शेतस," आणि त्यांचं मत कायमचं बाद झालं. नातीला, भूमिकाला, नाशिकला मोबाईलवर व्हिडिओ लावून तुकडे दाखवले. तिने हजार वेळा मोबाईल इकडेतिकडे फिरवायला लावून एक रंग पक्का केला. नंतर कळलं, की ती सुपडूची टाच होती.

गावही काही कमी नव्हतं. रोज कोणीतरी तुकडे बघायला यायचं, आणि महिनाभरात अख्खी आळी नंबरांत बोलायला लागली. चहा सात नंबरचा करा, म्हणजे दूध बेताचं. गूळ चौदा नंबरचा निघाला. शेजारच्या जमनाबाईच्या म्हशीला पारडू झालं, तर ते कसं आहे हे विचारायच्या आधी ते अठरा नंबर आहे की एकोणीस, यावरून दोन घरांत अबोला आला. आबा शेडमध्ये ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून हे ऐकत. खाटेला नंबर नव्हता, म्हणून तिचा विषय कोणी काढत नव्हतं. या वयात आपण घरातलं जुनं सामान झालो, असं त्यांना वाटायचं, आणि त्याचा त्यांना भारी राग यायचा.

मार्चमध्ये म्हसावदला नात्यात साखरपुडा निघाला. हेमकांतने अकरा आणि सतरा नंबरचे तुकडे पिशवीत घातले, सोयऱ्यांचं मत घ्यायला, आणि सगळे गेले. आबा थांबले, त्या दिवशी केळी कापायची होती. सकाळभर त्यांनी घड उतरवले, गडी असतानाही दहा-वीस स्वतःच्या खांद्यावरून नेले. दुपारी घरी आले तेव्हा शर्ट, धोतर, टोपी, सगळं चिकाने ओलंचिंब होतं.

केळीचा चीक मोठा लबाड. अंगावर पडतो तेव्हा नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी काळपट तपकिरी डाग होऊन उघडा पडतो, आणि मग कापड फाटेपर्यंत साथ सोडत नाही. तापीकाठच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. आबांनी पन्नास वर्षं केळी लावली होती.

ते दोरीखालून आत गेले. पूर्वेच्या दाराशी उभे राहिले. शर्ट काढावा, असं एकदा त्यांच्या मनात आलं. काढला नाही. बरोबर आपल्या जागेवर, उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन ते आडवे झाले आणि चार महिन्यांत लागली नव्हती अशी झोप त्यांना लागली. उठले तेव्हा फळ्या जरा ओलसर दिसत होत्या, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडूने दार उघडलं आणि तो उलट्या पावली बाहेर आला.

"भाऊ," तो हेमकांतला म्हणाला, "आठे कोनी मरी गया का?"

जमिनीवर एक माणूस झोपला होता. गुडघे दुमडलेले, हात उशाशी, टोपीचं टोकसुद्धा व्यवस्थित.

"आबा, हाई काय करी ठेवं?" हेमकांत रडकुंडीला आला.

"झोपेल व्हतू," आबा म्हणाले. "मन्ही जागावर."

सुपडूने दोन दिवस घासायचं मशीन चालवलं. माणूस फिका झाला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, आधीपेक्षा टवटवीत. शेवटी सुपडूने हात टेकले. डाग जमिनीसारखा होत नसेल, तर जमीन डागासारखी करायची, दुसरा इलाज नाही. तेविसांतला एकही रंग जुळेना. मग सतरा आणि एकवीस एकत्र करून, वर थोडा काळा टाकून त्याने चोविसावा बनवला. चार महिने कोणाचं कोणाशी पटलं नव्हतं. चोवीस नंबरवर कोणी तोंड उघडलं नाही. आधी बैठकीला तीन हात मारले. जमीन अशी झाली, की हेमकांतने सुरतेच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला.

पण पॉलिश पिऊन डागही गडद झाला होता. पूर्वेच्या दारातून ऊन आलं, की आबा जमिनीत स्पष्ट दिसत. म्हसावदचे सोयरे घर बघायला आले आणि चपला काढून त्या माणसाला वळसा घालून गेले. ओलांडायची कोणाची छाती होईना. जमनाबाईने तर हात जोडले. सीमाने डागाच्या पोटावर कुंडी ठेवून पाहिली, ते आणखी वाईट दिसलं. सतरंजी टाकली तर डोकं बाहेर राहिलं. सोफा सरकवला तर दार अडलं.

आठ दिवस तिने धीर धरला. नवव्या दिवशी चहाची कपबशी दाणकन ठेवून ती म्हणाली, "ती खाट आणा बरं इकडे."

खाट आणली. डोक्यापासून पायापर्यंत बेतून शिवल्यासारखी बसली. आबा तिच्यावर आडवे झाले. रस्ता होता तिथेच होता. केळीची एक गाडी गेली, गाडीवाल्याने राम राम घातला, आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी टोपीने पुसलं.

शांतीबाई येऊन पायथ्याशी बसली. तिने वाकून खाटेखालचा डाग पाहिला. मग शेजारच्या खोलीकडे मान वळवून तिने हळूच विचारलं, "तठली जमीन आजून कोरी शे नं?"

"कोरी शे," आबा म्हणाले. "सुपडू सोमवारले येवाव शे."

"मन्ही पेटी कोठे व्हती, याद शे ना तुम्हले?"

"भिंतले लागीसन. खिडकीखाले."

शांतीबाईने मान हलवली. तिने जुनं लुगडं नेसलं आणि कोपऱ्यातला केळी कापायचा विळा उचलला. धार गेली होती. आबा खाटेवरून उठले आणि तिला तो घासून द्यायला बसले.